रडीच्या डावाची बखर

खेळ आधी जन्माला आला की रडी आधी, हा प्रश्न कोंबडी-अंड्याइतकाच जुना असेल. पण माझ्यापुरता तो सुटलेला आहे. रडी आधी. कारण खेळाला नियम लागतात, आणि कुणीतरी रडी खाल्ल्याशिवाय नियम करावेच लागत नाहीत. हे ज्ञान मला मैदानावर झालेलं नाही. मैदानावर मी बहुतेक काळ लिंबूटिंबू म्हणूनच काढला. हे ज्ञान झालं ते बँकेच्या काउंटरमागे. वरून येणारं प्रत्येक परिपत्रक वाचताना मला त्याच्यामागे उभा असलेला एक अज्ञात, कल्पक गृहस्थ दिसतो. 'खातेदाराने पासबुकात स्वतःच्या हाताने नोंदी करू नयेत' असं कुणी उगाच छापत नाही. कुठेतरी, कुणीतरी, केल्या असणार.

इतिहासकारांचं मात्र या मंडळींकडे लक्ष नाही. शकुनीमामांना महाभारतात जागा मिळाली ती राज्य पणाला लागलं म्हणून. गोट्यांच्या डावात कुणी वीत ताणून मारली, याची नोंद एकाही शिलालेखात सापडत नाही. ही उणीव थोडीफार भरून निघावी म्हणून तळहातावर मावणाऱ्या एका जपानी यंत्रातल्या रडीची ही छोटीशी बखर मी लिहायला घेतली आहे. यंत्राचं नाव गेमबॉय, खेळाचं नाव पोकेमॉन, आणि रडीचं इंग्रजी नाव 'चीट कोड'. इंग्रजीत गेल्यावर रडीसुद्धा कशी इस्त्री केल्यासारखी दिसते पाहा! रडी खाल्ली म्हटलं की गल्लीतली पोरं अंगावर धावून येतात. चीट कोड वापरला म्हटलं की तीच पोरं 'मलापण दे ना' म्हणतात.

या घराण्याचे मूळपुरुष म्हणून मी काझुहिसा हाशिमोतो यांचं नाव घेतो. त्यांच्याआधी कुणी नव्हतंच असं नाही. पण वंशावळ कुठूनतरी सुरू करावी लागते. हाशिमोतो जपानच्या कोनामी कंपनीत होते. १९८६ साली 'ग्रेडियस' नावाचा अंतराळयुद्धाचा खेळ घरगुती यंत्रावर आणायचं काम त्यांच्याकडे आलं. खेळ तयार झाला की तो शेवटपर्यंत खेळून तपासावा लागतो. पंचाईत अशी झाली, की खेळ इतका अवघड होऊन बसला होता की खुद्द हाशिमोतोंनाच तो संपवता येईना. आपणच केलेला ठेचा आपल्याच डोळ्यांतून पाणी काढायला लागला. तेव्हा त्यांनी स्वतःपुरती एक सोय करून ठेवली. वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, बी, ए, अशी दहा बटणं ओळीने दाबली की यानाला जवळजवळ सगळी आयुधं एकदम मिळत. हा क्रम वाचला की मला शाळेतले कवायतीचे सर आठवतात. फरक एवढाच, की इथे कवायत करता करता शेवटी बी. ए. होता येतं.

खेळ बाजारात गेला तेव्हा ही सोय आत तशीच राहून गेली आणि ती पोरांना सापडली. पोरांना सापडली म्हणजे जगाला सापडली. २०२० साली हाशिमोतो वारले, तेव्हा अनेकांनी त्यांना श्रद्धांजली वाहिली ती हीच दहा बटणं लिहून. म्हणजे मालकाने आपल्या सोयीसाठी मागचं दार ठेवायचं आणि पाहुण्यांनी ते शोधून काढायचं, अशी या बखरीची सुरुवात आहे. हे मागचं दार ध्यानात ठेवा. त्यातून पुढे एक फार मोठी असामी आत येणार आहे.

आता ज्यांच्या घराला मागचं दार नव्हतं, त्यांचं काय? त्यांच्यासाठी इंग्लंडच्या कोडमास्टर्स या कंपनीने भिंत फोडायचं हत्यार काढलं. नाव 'गेम जिनी'. खेळाची कॅसेट (आपल्याकडे त्या ठोकळ्याला पोरं कॅसेटच म्हणत) या जिनीत खोचायची, जिनी यंत्रात खोचायचा, आणि काही अक्षरं टाइप करायची. की तीन जीव असलेल्या गड्याला अमरत्व प्राप्त. अमेरिकेत हे खेळणं गॅलूब नावाची कंपनी विकणार होती. निन्टेन्डो कंपनी १९९०मध्ये कोर्टात गेली. तिचं म्हणणं असं, की आम्ही लिहिलेल्या खेळात हे लोक फेरफार करून नवीनच कलाकृती बनवताहेत, आणि तो हक्क आमचा. कोर्टाने विक्रीवर मनाई हुकूम दिला. पण १९९१ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायाधीश फर्न स्मिथ यांनी निकाल दिला तो गॅलूबच्या बाजूने, आणि १९९२मध्ये अपिलातही तोच कायम राहिला. मनाई हुकूम मागताना निन्टेन्डोने दीड कोटी डॉलरांची हमी भरली होती. ती सगळी गॅलूबच्या पदरात पडली.

हा निकाल मला फार आवडतो. न्यायाधीशीणबाईंचं म्हणणं थोडक्यात असं होतं: एकदा रीतसर पैसे देऊन वस्तू घरी आणली, की माणूस आपल्या घरात, आपल्या करमणुकीसाठी तिचं काहीही करो. पुस्तक विकत घेणाऱ्याने मधली पानं गाळून वाचली तर लेखकाचा हक्क बुडत नाही. (माझ्या आधीच्या पुस्तकाबाबत हा कायदा अनेक वाचकांनी मनोभावे पाळला आहे.) 'आपल्या घरात' आणि 'आपल्या करमणुकीसाठी' हे दोन शब्दप्रयोगही ध्यानात ठेवा. सगळं भांडण शेवटी तिथेच येऊन थांबणार आहे.

आता मूळ कथानायक. गेमबॉय हे यंत्र निन्टेन्डोने १९८९ साली काढलं. चार पेन्सिल सेलवर चालायचं, पडदा शेवाळलेल्या टाकीच्या पाण्यासारखा हिरवट, आणि रंग म्हणाल तर त्याच हिरव्याच्या चार छटा. त्यात दोन यंत्रं एकमेकांना जोडायची एक वायर मिळायची. ही वायर पाहून सातोशी ताजिरी नावाच्या तरुणाच्या डोक्यात किडा वळवळला. हा वाक्प्रचार नव्हे. लहानपणी टोकियोच्या माचिदा या उपनगरात त्यांना किडे पकडायचा नाद होता. पुढे तिथली शेतं आणि डबकी जाऊन घरं आली आणि किडे संपले. वायर दिसल्यावर ताजिरींना वाटलं, यातून एक किडा सरपटत या यंत्रातून त्या यंत्रात गेला तर? आजच्या मुलांना किडे पकडायला मिळत नाहीत, तर निदान असे तरी पकडू देत. या कल्पनेवर त्यांच्या गेम फ्रीक कंपनीने सहा वर्षं घालवली, आणि २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानात खेळ बाहेर पडला. तांबडी कॅसेट आणि हिरवी कॅसेट. रानात हिंडायचं, चित्रविचित्र प्राणी पकडायचे, त्यांना लढवून मोठं करायचं आणि वहीत नोंद करायची. प्राणी एकशे पन्नास; पण एकाच कॅसेटमध्ये सगळे मिळत नाहीत. काही तांबडीत नाहीत, काही हिरवीत नाहीत. वही पुरी करायची तर शेजारच्या पोराशी वायर जोडून देवघेव करायलाच हवी. एकाच घरात दोन कॅसेटी खपवायची युक्ती म्हणून व्यापारी याला नमस्कार करतील. मी मात्र त्यात माचिदाच्या त्या पोराची काडेपेटी पाहतो. एक भुंगा दे, दोन टोळ घे.

प्राणी एकशे पन्नास, असं मी म्हटलं. सगळेच तसं म्हणत होते. खुद्द निन्टेन्डोलाही तसंच वाटत होतं. आणि इथे ते मागचं दार किलकिलं होतं. कॅसेट अगदी काठोकाठ भरली होती. तपासणीसाठी वापरलेला काही मजकूर शेवटी काढून टाकला, तेव्हा सुमारे तीनशे बाइट जागा मोकळी झाली. तीनशे बाइट म्हणजे तीनशे इंग्रजी अक्षरं. किरकोळ रजेचा अर्जसुद्धा त्यात जेमतेम मावेल. कारण खरं लिहायचं असेल तर मावेल; आजीला पुन्हा एकदा आजारी पाडायचं असेल तर मावणार नाही. गेम फ्रीकमधल्या शिगेकी मोरिमोतो यांनी त्या जागेत एक प्राणी बसवला. नाव म्यू. क्रमांक एकशे एक्कावन्न. तपासणी संपल्यानंतर मजकुराला बोट लावायचं नाही असा या धंद्यातला दंडक, तो मोडून. ऑडिटर सह्या करून स्टेशनवर गेल्यावर आपण लेजर उघडून एक नवीन खातं घातलं, तर नोकरी राहील का? मोरिमोतोंची राहिली.

खेळात म्यू भेटण्याची कुठलीही सरळ वाट नव्हती. त्याने आत गप्प बसून राहावं एवढीच अपेक्षा. पण मागच्या दाराने आलेला पाहुणा गप्प कसा बसणार? एप्रिल १९९६मध्ये 'कोरोकोरो कॉमिक' या मुलांच्या मासिकात जाहीर झालं, की वीस वाचकांना हा गुप्त प्राणी देण्यात येईल. वीस! अर्ज आले अठ्ठ्याहत्तर हजारांच्या आसपास. आमच्या बँकेच्या भरतीला जागा आणि अर्ज यांचं साधारण हेच प्रमाण असतं, फक्त तिथे प्राणी मिळत नाही, टेबल मिळतं. सुरुवातीला बेताबेताने खपणारा खेळ त्यानंतर झपाट्याने उचलला गेला. म्हणजे गंमत पाहा. ज्या खेळाच्या पायी पुढे लक्षावधी मुलं रडी खायला शिकली, त्या खेळाचं नशीबच एका रडीने उघडलं होतं. पोरांना बोल लावण्यात अर्थ नाही; हे वळण आजोळचं आहे.

१९९८ साली खेळ अमेरिकेत गेला. हिरव्याऐवजी तिकडे निळी कॅसेट निघाली. आणि पोरांच्या एका सार्वत्रिक संशोधनाला सुरुवात झाली. खेळातल्या एका बंदरावर कोपऱ्यात एक ट्रक उभा होता. त्या ट्रकचा खेळात काहीएक उपयोग नव्हता. ज्या वस्तूचा उपयोग नाही तिच्याखाली नक्कीच काहीतरी पुरलेलं असणार, हा नियम सगळ्या मानवजातीला लागू आहे. आपल्याकडे पडक्या वाड्याखाली मोहरांचा हंडा असतो, तसा तिकडे त्या ट्रकखाली म्यू होता. मुलं तास न् तास खटपट करून ट्रकपाशी पोचली, ढकलढकल केली. ट्रक जागचा हलला नाही. त्याच्याखाली काहीच नव्हतं. पण हंड्याच्या बाबतीत हंडा नाही हे सिद्ध झाल्याने कधी कुणी खोदायचं थांबवल्याचं ऐकलंय?

म्यू सापडला नाही. पण शोधाशोधीत दुसरंच काही सापडलं. एका गावी एक म्हातारा प्राणी कसे पकडायचे ते फुकट शिकवत असे. त्याच्याकडून शिकवणी घ्यायची, लगेच पक्ष्यावर बसून सिनाबार नावाच्या बेटावर उडायचं, आणि बेटाच्या पूर्व किनाऱ्याला लागून पाण्यातून वरखाली येरझारा घालायच्या. थोड्या वेळाने पडद्यावर प्राणी येई तो प्राणीच नसे. फाटलेल्या पंचांगाच्या तुकड्यासारखं काहीतरी ओबडधोबड, आणि नाव 'मिसिंगनो', म्हणजे गहाळ क्रमांक. आणि तो दिसून गेल्यावर पाहावं, तर आपल्या पिशवीतल्या यादीत सहाव्या ओळीवर जी वस्तू असेल ती एकदम एकशे अठ्ठावीसने वाढलेली!

वाचकहो, जगाला हा चमत्कार वाटला. मला मात्र हे वाचून घरी आल्यासारखं वाटलं. कारण ही शुद्ध कारकुनी आहे, आणि एका बी. कॉम. माणसाला ती दोन मिनिटांत समजते. गेमबॉयच्या पोटात एक कारकून बसला आहे असं समजा. त्याच्याकडे लिहायला एक पाटी आहे, जेमतेम आठ हजार अक्षरांची. तेवढ्यात सगळं भागवायचं, म्हणून बिचारा एक जागा दोन कामांना वापरतो. म्हातारा शिकवणी देतो तेव्हा पडद्यावर आपल्या नावाऐवजी म्हाताऱ्याचं नाव दाखवायचं असतं. आपलं नाव तोवर कुठे ठेवायचं? तर रानातल्या प्राण्यांची यादी जिथे लिहितात त्या कोपऱ्यात. पुढच्या रानात गेलं की तिथली नवी यादी त्यावर लिहिली जाणारच आहे. पण आपण रान ओलांडलंच नाही, उडून गेलो. आणि त्या किनाऱ्याची एक पट्टी अशी, की तिथे प्राणी पाठवताना कारकून पाण्याची यादी न बघता रानाची बघतो. तिथे यादी नाहीच. तिथे आहे आपलं नाव. बापडा आपल्या नावातलीच अक्षरं प्राणी म्हणून वाचून पाठवतो. कुणाला कोणता प्राणी भेटेल हे ज्याच्या त्याच्या नावाच्या अक्षरांवर! बारशाला नावरस अक्षर काढणारे आमचे गुरुजी याहून वेगळं काय सांगत होते?

आता एकशे अठ्ठावीस. दिसलेल्या प्रत्येक प्राण्यासमोर वहीत एक खूण करायची असते. मिसिंगनोचा वहीतला क्रमांक शून्य. कारकून मोजतो ते क्रमांकातून एक वजा करून. शून्यातून एक गेला तर तुमच्या-माझ्या खात्यात उणे एक येतो आणि बँकेचं पत्र येतं. पण या आठ बिटांच्या जगात उणं नाहीच. तिथे शून्यातून एक गेला की राहतात दोनशे पंचावन्न! असा ओव्हरड्राफ्ट मला एकदा मिळाला असता तर मी हे पुस्तक लिहिलं नसतं, छापखानाच विकत घेतला असता. मग कारकून वही ओलांडून दोनशे छप्पन्नाव्या घरात खूण करतो. पण वही तर एकशे बावन्न घरांतच संपते. पुढे सुरू होतं पिशवीचं खातं. ती खूण नेमकी पडते सहाव्या वस्तूच्या नगाच्या आकड्यावर, त्यातल्याही सगळ्यात मोठ्या किमतीच्या घरात. ते घर एकशे अठ्ठावीसचं. खूण केली प्राण्याच्या नावे, आणि जमा झाली मालाच्या खात्यात. आमच्याकडे अशी नोंद सापडली की चौकशी बसते. तिकडे पोरं सहाव्या ओळीवर मुद्दाम 'रेअर कँडी' नावाची गोळी ठेवून किनाऱ्याला फेऱ्या मारू लागली. एक गोळी चारली की प्राणी लढाईशिवाय एक इयत्ता वर चढतो, आणि इयत्ता असतात शंभर.

निन्टेन्डोने १९९९ साली या प्रकाराबद्दल सावधगिरीचा इशारा दिला. तो खोटा नव्हता. मिसिंगनो भेटला की विजेत्यांच्या दालनातल्या जुन्या तसबिरींचा चुराडा होई. पण 'फोटो बिघडतील' या भीतीने गोळ्या सोडणारं मूल अजून जन्माला यायचं आहे.

ज्यांना येरझारांचाही कंटाळा, त्यांच्यासाठी जिनीचे भाऊबंद आले. इंग्लंडच्या डेटेल कंपनीचा 'ॲक्शन रिप्ले', अमेरिकेत त्याचाच अवतार 'गेमशार्क'. यात आठ अक्षरी मंत्र टाकायचा. उदाहरणार्थ ०१९९४७डी३. मंत्र म्हणून घाबरायचं कारण नाही. ही साधी पे-इन स्लिप आहे. पहिला ०१ म्हणजे कामाचा प्रकार. ९९ म्हणजे भरायची रक्कम. आणि शेवटची चार अक्षरं म्हणजे खातेक्रमांक, फक्त उलट्या जोड्यांनी लिहिलेला: डी३४७. या खात्यात खेळाडूचे पैसे असतात. शेजारच्या दोन खात्यांतही असेच ९९ भरले की शिल्लक नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव. आणि हे यंत्र ती स्लिप एकदा भरून थांबत नाही. सेकंदाला सुमारे साठ वेळा भरत राहतं. तुम्ही काहीही विकत घ्या, शिल्लक तेवढीच. प्रत्येक नोकरदाराने झोपण्यापूर्वी डोळे मिटून पाहावं असं हे दृश्य आहे. आणि म्यू? त्याचीही स्लिप होती: ०११५डी८सीएफ. पुढे दिसेल तो प्राणी म्यू.

पुढे २००३ साली तर पोरांनी यंत्राशिवायच म्यू मिळवायची वाट जगजाहीर केली. एका ठरावीक रस्त्यावर समोरच्या खेळाडूची नजर आपल्यावर पडायच्या नेमक्या क्षणी बटण दाबून आकाशमार्गे पसार व्हायचं, भलत्याच ठिकाणी एक ठरावीक लढाई करून परतायचं, की म्यू हजर. शेवटच्या लढाईतल्या प्राण्याच्या एका गुणाचा आकडा एकवीस असावा लागतो. कारण आतल्या हजेरीपटावर म्यूचा क्रमांक एकवीस. स्लिपवरचे १५ म्हणजे संगणकी सोळाच्या हिशोबातले हेच एकवीस. म्हणजे गेली सात वर्षं तो ट्रकखाली नव्हता, पण हाकेच्या अंतरावर होता.

आपल्याकडे हे प्राणी आधी टीव्हीवर आले, २००३पासून कार्टून नेटवर्कवर. खरा गेमबॉय अमेरिकेत ज्याचा मामा असेल त्याच्याकडेच. आमच्या चिरंजीवांना सुदैवाने तसा मामा आहे. मेहुण्याने तिकडे शिकत असताना १९९९ साली घेतलेला गेमबॉय त्याने मागच्या खेपेला भाच्याला आणून दिला. "यात माझे दीडशेच्या दीडशे आहेत, सगळे सचोटीने पकडलेले," असं तो अभिमानाने म्हणाला, आणि खटका दाबल्यावर गप्प झाला. कॅसेटमधलं बाड राखून ठेवते ती आतली एक नाण्याएवढी बॅटरी, आणि ती केव्हाच वारली होती. खातं साफ. त्याला चहा लागेल हे आमच्या हिने न सांगता ओळखलं.

मोबाइल दुरुस्तीवाल्याने नवी बॅटरी डाखून दिली आणि चिरंजीव कामाला लागले. मिसिंगनोची कीर्ती त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती.

"अरे, पण ही लबाडी नाही का?" मी वडील या नात्याने विचारलं.

"बाबा, मी फक्त पोहतोय. हिशोब तो चुकवतोय."

यावर उत्तर सुचेना. नेमका हाच बचाव एका खातेदाराने आमच्या साहेबांपुढे केला होता, आणि साहेबांनाही सुचलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत चिरंजीवांच्या सहाही प्राण्यांनी शंभरी गाठली. दुसऱ्या दिवशी समोर येईल तो एका फटक्यात आडवा. तिसऱ्या दिवशी गेमबॉय टेबलावर पालथा पडलेला दिसला आणि त्यातले सेल भिंतीवरच्या घड्याळात. मी काही बोललो नाही. पुढच्या रविवारी मात्र घड्याळ पुन्हा बंद पडलं. चिरंजीव कोपऱ्यात बसून एका इयत्ता तीनच्या उंदराला फार काळजीने लढवत होते. "हा गोळ्या न देता," एवढंच म्हणाले. हे मी उपदेश म्हणून सांगत नाही. सेल कुठे गेले याचा खुलासा म्हणून सांगतो.

एकट्याच्या डावात खाल्लेली रडी अशी आपली आपण पचते किंवा बाधते. प्रश्न येतो तो त्या वायरीपाशी. मी माझ्या यंत्रात नऊ लाख मांडले तर ते व्यापार खेळातल्या नोटांसारखे. घरात कितीही वाटा. पण वायरीच्या दुसऱ्या टोकाला एक पोरगा असतो. त्याने महिनाभर रान तुडवून पकडलेला प्राणी तो मला देतो, आणि मी त्याला स्लिप भरून काढलेला देतो. दोन्ही दिसायला एकसारखे. पोरांनी तर याच्याही पुढे मजल मारली. देवघेव चालू असताना नेमक्या क्षणी एक यंत्र बंद केलं, की तोच प्राणी दोन्हीकडे राहतो. एकच चेक दोन खात्यांत जमा! व्यापारातली नोट काउंटरवर आली की तिचं काय होतं, हे मला ठाऊक आहे. ती खोटी असते म्हणून गुन्हा होत नाही. समोरच्याने खरी दिलेली असते म्हणून होतो. न्यायाधीश फर्न स्मिथ यांनी घराच्या आत जी मोकळीक दिली होती, ती या उंबऱ्याशी संपते.

आणि मग, माझ्यासारख्याने हात जोडावेत अशी घटना घडली. पोकेमॉनवाल्यांनी बँक काढली. मी विनोद करत नाही. 'पोकेमॉन बँक', जपानात स्थापना डिसेंबर २०१३. ठेव तीन हजार प्राण्यांपर्यंत, वार्षिक भाडं तेव्हा पाचशे येन. व्याज नाही, म्हणजे खरं तर लॉकर. २०१६ साली खेळाला वीस वर्षं झाली म्हणून जुन्या कॅसेटींमधला मजकूर निन्टेन्डोच्या '३डीएस' या यंत्रासाठी जसाच्या तसा पुन्हा विक्रीला आला; सिनाबारच्या किनाऱ्यासकट, त्या कारकुनाच्या सगळ्या चुकांसकट. २०१७पासून त्यातले प्राणी या बँकेत भरता येऊ लागले. मुलांनी लगोलग ती आकाशमार्गाची युक्ती करून म्यू पकडले आणि रांगेत उभे राहिले. बँकेने म्यू परत केले! कागदपत्रं अपुरी. कंपनीने स्वतः वाटलेल्या म्यूवर मालकाचं जे नाव आणि जो क्रमांक होता, तो असेल तरच खातं उघडणार. प्राणी तोच, गुण तेच, एका बाइटचा फरक नाही. पण आलास कुठून, ते सांग.

हाच प्रश्न पुढे मोठ्यांच्या पंगतीत आला. ऑगस्ट २०२३मध्ये योकोहामाला पोकेमॉनची जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा काही खेळाडू तपासणीत बाद झाले. त्यांच्या चमूत बनावट प्राणी निघाले. त्यांच्या बाजूने काहींनी म्हटलं, की बनावट असला तरी तो खऱ्याहून बलवान नाही. फक्त त्याला वाढवण्याचे तास वाचले. आणि २०२४ साली जपानमधल्या कोची प्रांताच्या (केरळातल्या नव्हे) पोलिसांनी एका माणसाला पकडलं. तो खेळातले प्राणी गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे बदलून विकत होता. कायदा, अनुचित स्पर्धा प्रतिबंधाचा. १९९१ला 'आपल्या घरात, आपल्या करमणुकीसाठी' म्हणून सुटलेली रडी तेहेतीस वर्षांनी दुसऱ्याच्या घरात, आपल्या कमाईसाठी गेली, आणि पकडली गेली.

कायद्याचं मला पटतं. स्पर्धेचंही पटतं, ज्याने तास घातले त्याच्यासमोर तास वाचवलेला बसवू नये. गोळ्या खाल्लेला आणि न खाल्लेला, दोघांच्या कॅसेटीतली बॅटरी एकाच गतीने संपते, हेही मी मेहुण्याच्या चेहऱ्यावर पाहिलेलं आहे. पण त्या परत पाठवलेल्या म्यूचं मात्र मला वाईट वाटतं. ज्याचा जन्मच मुळी तपासणीनंतर, परवानगीशिवाय, तीनशे बाइटांच्या फटीत झाला, त्याच्याकडे कागदपत्रं मागायची म्हणजे फार झालं. मी त्या काउंटरवर असतो तर त्याला बसायला खुर्ची दिली असती, फॉर्म स्वतः भरून दिला असता, आणि जुन्या पद्धतीने इंट्रोड्यूसर म्हणून खुद्द मोरिमोतोंची सही चालवून घेतली असती.

सही जुळत नाही असा शेरा मारून वरच्या साहेबांनी तो फॉर्म परत पाठवला असता, ही गोष्ट वेगळी.